उपाशीपोटी म्हणजे चहाच्या आधी की नंतर?

2024च्या मार्चमधली गोष्ट. संध्याकाळची गर्दी होती. काकूंनी चिठ्ठी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "या वेळी दीडशेची दे गं." मी फडताळातून थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली काढली, बिल केलं आणि सुटे मोजताना माझा हात थांबला. दोन वर्षांपूर्वी याच काकू पंचाहत्तरची बाटली न्यायच्या. म्हणजे डोस चक्क दुप्पट झाला होता. वजन मात्र होतं तेवढंच, 60 किलोच्या आसपास.

तालुक्याच्या गावी मी मेडिकल चालवते, 19 वर्षं झाली. हे प्रकरण लिहू का असं काकूंना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लिही, पण माझं नाव नको. आणि तुझी चूक पण लिही." दोन्ही अटी पाळते आहे.

कागदावर काय दिसत होतं

काकूंचं वय तेव्हा 54. 2021च्या जूनमध्ये त्यांना सतत थकवा जाणवू लागला, आवाज घोगरा झाला, बद्धकोष्ठ झालं आणि भर पावसाळ्यात त्या स्वेटर घालून बसू लागल्या. डॉक्टरांनी टीएसएच करायला सांगितलं, ते 18.4 आलं. बहुतेक लॅब 0.4 ते 4 हा पल्ला ठीक धरतात. शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटली होती. बायकांमध्ये हे फार आढळतं. गोळी 50 मायक्रोग्रॅमने सुरू झाली, पुढे 75 केली आणि नोव्हेंबरात टीएसएच 3.1 वर आलं. 2022 हे सबंध वर्ष कुरकुर नाही.

मग 2023च्या मे महिन्यात टीएसएच 9.6 आलं, गोळी 100ची झाली. सप्टेंबरात 12.8, गोळी 125ची. 2024च्या फेब्रुवारीअखेर 11.2, म्हणून ही 150ची चिठ्ठी.

टीएसएच हा थायरॉईडचा हार्मोन नव्हे, हे इथे सांगायला हवं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉईडला हाका मारते, त्या हाकांचं हे माप. रक्तात हार्मोन जरासा कमी पडला तरी हाका एकदम चढ्या आवाजात सुरू होतात. त्यामुळे टीएसएच चढलं की गोळी वाढवायची, हे डॉक्टरांचं करणं चुकीचं नव्हतं. पण प्रत्येक भेटीत फक्त मागचा रिपोर्ट आणि आजचा रिपोर्ट असे दोन कागद शेजारी ठेवले जात होते. चार कागद एकत्र मांडले असते तर काहीतरी विचित्र दिसलं असतं.

ग्रंथी पूर्ण निकामी झाली किंवा शस्त्रक्रियेत काढून टाकली तरी मोठ्या माणसाला दिवसाला किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम पुरतात. 60 किलोला होतात 96. काकू 125 घेऊन टीएसएच 11.2 होतं आणि आता चालल्या होत्या 150 वर. असं झालं की बहुतेक वेळा शक्यता दोनच उरतात: गोळी तोंडात जात नाही, किंवा तोंडात जाते पण आतड्यातून रक्तात जात नाही.

पहिली शक्यता मी तिथल्या तिथे तपासली, कारण बिलं माझ्याकडेच होती. बाटल्या वेळच्या वेळी संपत होत्या, एखादा आठवडाही इकडेतिकडे नव्हता. तरी विचारलंच, "काकू, एखादा दिवस राहते का हो घ्यायची?" त्या भडकल्या. "मी काय गोळ्या मोरीत टाकते का? डॉक्टर पण हेच विचारतात!" चूक झाली माझी. रोज इमानेइतबारे गोळी घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न आरोपासारखाच लागतो.

डोळा उघडल्यापासून दहा वाजेपर्यंत

गर्दी ओसरल्यावर त्यांना आत स्टुलावर बसवलं आणि प्रश्न बदलला. सकाळी डोळा उघडल्यापासून दहा वाजेपर्यंत काय काय करता ते सांगा, गोळीचं नाव काढू नका. तेव्हा जे ऐकलं ते तीन वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

"साडेपाचला नळाला पाणी येतं. ते भरते. सहाला दूधवाला येतो, मग चहा टाकते. तुमच्या काकांना देते, मी घेते. चहाबरोबर डब्यातल्या गोळ्या. मग आंघोळ, देवपूजा. नाश्त्याला आठ वाजतात."

"चहाबरोबर? उपाशीपोटी घ्यायची आहे ना ती?"

"मग उपाशीपोटीच की! खाल्लेलं काय असतं?"

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, कारण त्यांचं म्हणणं मराठीत शंभर टक्के बरोबर होतं. आपल्याकडे चतुर्थीला चहा चालतो, एकादशीला चालतो. दिवसभर चार कप चहा पिऊनही माणूस "सकाळपासून उपाशी आहे" असंच सांगतो आणि कोणी त्याला खोटं ठरवत नाही. आपल्या भाषेत उपास मोडतो तो खाण्याने. चहा हे खाणं नव्हेच. डॉक्टर चिठ्ठीवर जे लिहितात आणि मी पाकिटावर जे पेनाने खरडते त्या "उपाशीपोटी"चा अर्थ आम्ही पुस्तकातून घेतलेला, काकूंनी तो स्वयंपाकघरातून घेतला होता.

काकूंच्या सासूबाई 80च्या पुढच्या आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अनशेपोटी म्हणावं, म्हणजे कळेल." अनशेपोटी म्हणजे सकाळपासून तोंडात काहीही गेलेलं नसताना. या शब्दात चहालाही जागा नाही. तेव्हापासून मी काउंटरवर हाच शब्द वापरते. तरुण मुलं बावचळून बघतात, मग त्यांना "फक्त पाण्याबरोबर, चहाच्या तासभर आधी" असं समजावते.

पण नुसता चहा हे कारण पुरेसं नव्हतं. 2022मध्येही चहा होताच आणि टीएसएच छान होतं. तो डोसच चहासकट बसला होता. रोज तेवढाच चहा, रोज तेवढंच नुकसान, आणि डॉक्टरांनी गोळी त्या नुकसानाला पुरेल इतकी दिली होती. 2023मध्ये बिघडलं ते दुसऱ्याच कशाने.

"डब्यातल्या गोळ्या म्हणजे कोणत्या?"

डबा जावयाने आणून दिला होता, सात कप्प्यांचा, वारांची नावं असलेला. प्रत्येक कप्प्यात चार गोळ्या: थायरॉईडची, कॅल्शियमची, रक्तवाढीची आणि पित्ताची. गुडघे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी 2023च्या फेब्रुवारीत कॅल्शियम लिहून दिलं. जुलैमध्ये हिमोग्लोबिन 9.4 निघालं, लोहाची गोळी आली. लोहाने पोटात आग पडू लागली, म्हणून पँटोप्राझोल. लिहून देणारे वेगवेगळे, पण चारही गोळ्यांपुढे 1-0-0. म्हणजे सकाळी एक. काकूंनी 1-0-0चा जो अर्थ होतो तोच घेतला आणि चारही एकत्र, चहाच्या घोटाबरोबर. चारही गोळ्या गेल्या होत्या माझ्याच दुकानातून, कधीकधी एकाच पिशवीतून.

आणि हो, कोबी-फ्लॉवर तीन वर्षं घरात बंद होते. थायरॉईडला वाईट असतात म्हणे, फोनवर मेसेज आला होता. आयोडीनचं मीठ खाणाऱ्या घरात शिजवलेल्या कोबीच्या भाजीने काही बिघडत नाही. काकूंना कोबीची भाजी आवडते, हे ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

पोटात काय होत होतं

थायरॉईडची गोळी म्हणजे थायरॉक्सिन. रिकाम्या पोटी घेतली तर साधारण 70 ते 80 टक्के लहान आतड्यातून रक्तात जाते, तेही पहिल्या दोन-तीन तासांत. मात्रा बघा: 75 मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमच्या तेराव्या हिश्श्याएवढी. शेजारी 500 मिलिग्रॅम कॅल्शियम. आम्लात थायरॉक्सिन कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांना चिकटतं आणि त्यांच्याबरोबरच बाहेर पडतं. अमेरिकेत 2000 साली 20 रुग्णांना तीन महिने थायरॉक्सिनबरोबरच 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन पाहिलं, तेव्हा सरासरी टीएसएच 1.6 वरून 2.7 झालं. लोह आणखी चिवट, ते थायरॉक्सिनला घट्ट बांधूनच ठेवतं. 1992च्या एका अभ्यासात 14 रुग्णांना 12 आठवडे फेरस सल्फेट जोडीने दिलं, टीएसएच 1.6 वरून 5.4 वर गेलं. आपल्या काकूंकडे दोन्ही होते, वर चहा. कॉफीमुळे ही गोळी नीट शोषली जात नाही हे इटलीतल्या डॉक्टरांनी 2008मध्ये रुग्णांच्या उदाहरणांसह मांडलं. दुधाबरोबर घेतली तर कमी शोषली जाते हे 2018मध्ये दिसलं. आमच्याकडच्या चहात निम्मं दूधच असतं.

पित्ताच्या गोळीचा त्रास निराळा. कॅल्शियम आणि लोह चार तास लांब ठेवले की प्रश्न मिटतो. पँटोप्राझोल पोटातलं आम्लच कमी करतं, आणि थायरॉक्सिनची गोळी नीट विरघळायला आम्ल लागतं. तो परिणाम दिवसभर टिकतो, म्हणून ती गोळी सकाळी घ्या नाहीतर रात्री, अंतर ठेवून सुटका नाही. गरज असेल तर घ्यावी आणि थायरॉईडचा डोस तिच्यासकट बसवावा. गरज नसेल तर डॉक्टरांना विचारून सोडावी. आमच्या भागात पित्ताची गोळी चणे-फुटाण्यासारखी खाल्ली जाते, चिठ्ठीशिवाय मागतात. मी देत नाही म्हणून चार गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत.

एकातून एक कसं निघालं बघा. लोहाने जळजळ, जळजळीला पँटोप्राझोल, त्या दोघांमुळे थायरॉईड कमी पडलं. थायरॉईड कमी पडलं की बद्धकोष्ठ होतं, कॅल्शियम आणि लोहानेही होतं, म्हणून रात्री झोपताना इसबगोल. पुढच्या भेटीला काकूंनी बद्धकोष्ठाची तक्रार केली, ती थायरॉईडच्या खात्यात लिहिली गेली आणि गोळी वाढली.

माझी चूक

त्या संध्याकाळी मी फारच खूश होते. काकूंना सगळं कागदावर लिहून दिलं. साडेपाचला पाणी भरायला उठता, तेव्हाच पहिल्या तांब्यातलं पाणी घेऊन थायरॉईडची गोळी. चहा साडेसहाला. रक्तवाढीची साडेअकराला लिंबूपाण्याबरोबर, कारण चहा-दुधाबरोबर तीही वाया जाते. कॅल्शियम रात्री जेवणानंतर, लोहापासूनही लांब. थायरॉईडची बाटली ओट्याच्या वरच्या फळीवर होती, गॅसच्या वाफेत. ती झोपायच्या खोलीतल्या कपाटात हलवायला सांगितली, आणि गोळ्या डब्यात न काढता बाटलीतूनच घ्यायला. उष्णता, ओल आणि उजेड तिन्हींनी ही गोळी कमजोर होते.

थायरॉईडची गोळी रात्री झोपताना घेतली तर? तेही चालतं, 2010 साली हॉलंडमध्ये तसं करून चांगले निकाल मिळाले आहेत. पण जेवून तीन तास व्हायला हवेत. काकू साडेनऊला जेवतात, दहाला झोपतात, वर इसबगोल. म्हणून तो विचार सोडला.

एवढं सगळं सुचलं. डॉक्टरांना फोन करायचं सुचलं, आणि मार्चअखेरच्या हिशोबात राहून गेलं.

काकू दुसऱ्या दिवसापासून कागदाबरहुकूम वागल्या. बाटली होती 150ची. पाच आठवड्यांनी, एप्रिलच्या शेवटी, त्या दुकानात आल्या त्या घामेजलेल्या. रात्रभर झोप नाही, छातीत धडधड, पोळ्या लाटताना लाटणं थरथरतं, दिवसातून तीनदा शौचाला. तशीच रिक्षा करून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. नाडी 108. ईसीजी काढला, ठोके जलद पण नियमित होते. टीएसएच 0.05.

डॉक्टरांनी विचारलं, काय बदललं? मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही गोळी नाही बदललीत, पण डोस बदललात." हे वाक्य मी विसरलेली नाही. जी गोळी अर्धीमुर्धी पोहोचते आहे म्हणून वाढवत नेली, तिची वाट एकदम मोकळी केली की ती पूर्ण ताकदीनिशी पोहोचणार. पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या हृदयाचे ठोके अशाने अनियमित होऊ शकतात. पाळी गेलेल्या बाईची हाडंही झिजतात, आणि इथे कॅल्शियम तर हाडांसाठीच चाललं होतं.

डॉक्टरांनी चार दिवस गोळी बंद ठेवली, मग 100ची सुरू केली. धडधड लगेच गेली नाही. रक्तातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात, काकूंना हायसं वाटायला दोन आठवडे गेले. याच कारणाने डोस बदलल्यावर आठ दिवसांत पुन्हा टीएसएच करण्यात अर्थ नसतो, सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. लोहाची गोळी दिवसाआड केली, जळजळ कमी झाली, मेमध्ये पँटोप्राझोल बंद झाली. जूनमध्ये टीएसएच 0.3, म्हणून 88ची गोळी. ऑगस्टमध्ये 2.3. 75 वरच परत आल्या असत्या तर गोष्ट गोड झाली असती, पण तीन वर्षांत ग्रंथी आणखी थकली असणार. हा आजार तसा पुढे सरकतोच.

आता माझ्या वहीत नियम आहे: जुन्या गिऱ्हाइकाची थायरॉईड घ्यायची पद्धत सुधारायची असेल तर आधी डॉक्टरांना फोन, मग गिऱ्हाइकाला कागद. डॉक्टर फोनवर कधी वैतागतात. वैतागू देत.

केस गळत होते म्हणून

2025च्या जानेवारीत टीएसएच पुन्हा 0.1 आलं, टी-फोर म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन वाढलेलं. या वेळी मात्र काकू ठणठणीत. नाडी 76, झोप शांत, लाटणं स्थिर. डॉक्टर डोस कमी करायच्या बेतात होते. पण रिपोर्ट आणि माणूस जुळत नाहीत हे त्यांच्याच लक्षात आलं, आणि या वेळी फोन त्यांचा आला: "त्या आणखी काही घेतात का हो तुमच्याकडून?"

माझ्याकडून नाही. मुलीने पुण्याहून केसांच्या गोळ्या आणल्या होत्या. बायोटिन, 10 मिलिग्रॅम. माणसाला दिवसाला लागतं सुमारे 30 मायक्रोग्रॅम, हे तीनशे पटींहून जास्त. बायोटिनने थायरॉईडला काही होत नाही. बिघडते ती लॅबमधली चाचणी, कारण बऱ्याच लॅबच्या तपासणीत बायोटिनच चिकटवणीसारखं वापरलेलं असतं. रक्तात बाहेरचं बायोटिन भरपूर असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दिसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017मध्ये यावर इशारा दिला होता. तीन दिवस ती गोळी बंद ठेवून रक्त पुन्हा दिलं. टीएसएच 2.1.

"हे औषध थोडंच आहे, हे तर व्हिटॅमिन," असं काकूंचं म्हणणं होतं. चहासारखंच.

एप्रिलमध्ये त्यांचा सकाळी सकाळी फोन आला, दुकान उघडायच्या आत.

"अगं, नगरपालिकेने पाणी दिवसाआड केलंय. आज पाणी नाही, मी साडेपाचला उठलेच नाही. गोळी राहिली. आता चहा झाला."

गोळी आता घाईने घेऊ नका, अकराच्या सुमारास पाण्याबरोबर घ्या आणि आजच्या दिवस लोहाची गोळी राहू द्या, असं सांगितलं. एका दिवसाने बिघडत नाही. पण उन्हाळाभर गोळी नळावर सोडून चालणार नव्हतं. गजर लावू का म्हटलं तर काकांची झोप मोडते.

"दूधवाला तर रोज येतो ना?"

"तो येतो, सहाला. मे महिन्यात पण येतो."

दूध आल्याशिवाय त्यांच्या घरी चहा होत नाही. त्याने बेल वाजवली की दार उघडायच्या आधी गोळी, असं ठरलं. चहा सातला. काकांना सातपर्यंत चहा नाही, हे त्यांना कोणी सांगायचं यावर अजून बोलणं चालू आहे.